खांबाजवळची जागा

कुंभकोणच्या मुन्सफ कोर्टात नक्कलनवीस असलेल्या शामसुंदररावांचा जीव दोनच गोष्टींत होता. एक म्हणजे ओट्यावर बसून चार लोकांना वर्तमानपत्र वाचून दाखवणं, आणि दुसरी, शनिवारी संध्याकाळी मठात स्वामीनाथरावांच्या भजनाला झांज धरणं. वर्तमानपत्रावाचून ते एखादा दिवस कसाबसा काढत. स्वामीनाथरावांच्या आवाजावाचून एक शनिवार त्यांनी वीस वर्षांत काढला नव्हता.

सन चौदामध्ये जर्मनांच्या एमडेन जहाजानं मद्रासवर तोफा डागून तेलाच्या टाक्या पेटवल्या, तेव्हा अख्खं गाव हादरलं. शामसुंदरराव मात्र खूश.

"पाहा! देऊळ सोडलं, किल्ला सोडला, नेमकं तेल धरलं! राजे म्हणतात, आम्ही मानासाठी लढतो. आपणही म्हणतो, भजनाला देवासाठी जातो. सुंडल नसेल त्या शनिवारी किती डोकी येतात, मोजा पाहू! लढाई दिसली की एकच पुसावं, सुंडल कोणाला?"

सुंडल म्हणजे मठातला प्रसाद: उकडलेले हरभरे, वर मोहरीची फोडणी आणि ओल्या खोबऱ्याचे तुकडे. ही किल्ली हाती आल्यावर शामसुंदररावांनी एकही कुलूप सोडलं नाही. बेल्जम कोळशासाठी, तुर्क तंबाखूसाठी. महाभारतसुद्धा सुटलं नाही. "सुईच्या टोकाएवढी जमीन देईना म्हणे! कावेरीकाठची भातजमीन असणार, नाहीतर एवढा हट्ट कोण धरतो?" रामायणाला मात्र त्यांच्या पत्नीनं, विशालाक्षीबाईंनी, हात लावू दिला नाही.

पुढच्या वर्षी इन्नंबूरहून रामलिंग नावाचा मृदंगवाला मठात येऊ लागला. मृदंग गाणाऱ्याच्या उजव्या हाताला हवा, म्हणून स्वामीनाथरावांनी त्याला समईजवळ बसवलं आणि शामसुंदररावांना खांबाजवळ सरकवलं. प्रसादाचं पातेलं समईपासून निघे आणि खांबाशी संपे. तिथवर पोचेतो तळाचा चुरा आणि फोडणीतल्या मिरच्या तेवढ्या उरत.

तीन शनिवार शामसुंदररावांनी मिरच्या खाल्ल्या. चौथ्या शनिवारी ते उभे राहिले.

"आधी नामावळी, मग अभंग, ही गोविंदपुरम्‌च्या मूळ मठाची रीत! इथं उलटं चाललं आहे. परंपरा बुडाली!"

स्वामीनाथराव चकित. "वीस वर्षं आपण हेंच गातो की, शामू."

"वीस वर्षं बुडतेच आहे!"

गोविंदपुरम्‌ला जाऊन कोणाला विचारण्याची तसदी त्यांनी घेतली नव्हती. झांज उचलून ते तडक घरी आले आणि पुढच्या शनिवारी त्यांच्या ओट्यावर शुद्ध रीतीचं नवं भजन सुरू झालं. सहा माणसं आली, कारण विशालाक्षीबाईंच्या सुंडलात खोबरं दुप्पट होतं. मठात सुंडलात कैरी पडली. इकडं जोडीला गुळाचा शिरा आला. तिकडं तुपाची धार लावून गोड पोंगल, गूळ-मुगाचा भात. परसातली दोन्ही नारळाची झाडं उघडीबोडकी झाली, विशालाक्षीबाईंच्या तळहाताला खवणीनं घट्टे पडले, आणि राव म्हणाले, "तत्त्वासाठी सोसावं लागतं."

त्यांच्या सहा वीरांपैकी गाता एकालाही येत नव्हतं. त्यातल्या त्यात बरा आवाज खायच्या आधी घसा खाकरणाऱ्या व्यंकोजीचा. मठ चारच घरं पलीकडे. पाचव्या शनिवारी वारा तिकडून सुटला आणि स्वामीनाथरावांचा अभंग स्पष्ट ऐकू येऊ लागला. चरण संपला की ते क्षणभर थांबत. तिथं वीस वर्षं झांज वाजत आली होती. आता ती जागा रिकामी जात होती. शामसुंदररावांच्या हातातली झांज आपोआप त्या थांब्यावर वाजली. ओट्यावर भलतंच गाणं चाललं होतं. व्यंकोजी ताल चुकला म्हणून चिडला, पण रावांचे डोळे भरून आले होते. त्यांना स्वामीनाथरावांची फार फार आठवण येत होती.

विशालाक्षीबाई खवणी हातात घेऊन दारात उभ्या होत्या. "अहो, एक पुसूं?"

"पूस."

"सुंडल कोणाला?"

सहाच्या सहा द्रोण जागच्या जागी थांबले. रावांनी झांज खाली ठेवली.

"मज," ते म्हणाले. "मज खोबरं पावलं नाही गे."

"अय्यो! मग तेंच तिथं सांगायचं होतं. मज दोन झाडं तरी उरली असती!"

तशीच खवणी घेऊन त्या मठात गेल्या आणि स्वामीनाथरावांच्या पत्नीशी, भुवनेश्वरीबाईंशी, दोन वाक्यांत तह करून आल्या: एका शनिवारी पातेलं समईपासून निघेल, दुसऱ्या शनिवारी खांबापासून. स्वामीनाथराव स्वतः ओट्यापर्यंत आले. "शामू, तू नसलास की मी पुढचा चरण विसरतो," म्हणाले आणि रावांचा हात धरून घेऊन गेले. नामावळीचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

चार वर्षांनी फ्रान्सात महायुद्धाच्या तहावर सह्या झाल्या. ती बातमी रावांनी मठातच वाचून दाखवली. मठातल्या तहात आता एक कलम वाढलं होतं: ते आणि रामलिंग दर महिन्याला जागा बदलत. त्या दिवशी खांबाजवळ रामलिंग होता आणि पातेलं समईपासून निघालं होतं.

"टिकेल कां हो हा तह?" व्यंकोजीनं विचारलं.

"खांबाजवळ कोणाला बसवलं आहे, ते पाहा आणि सांगा," राव म्हणाले.

बोलता बोलता त्यांची नजर रामलिंगच्या द्रोणाकडे गेली. त्यात नुसत्या मिरच्या होत्या. रावांच्या द्रोणात खोबऱ्याचे तीन तुकडे होते. त्यांनी थोडा विचार केला, दोन तुकडे तिकडे टाकले आणि तिसरा पटकन तोंडात घातला.