चार पिवळे दगड

मी प्लॉट आधी विकत घेतला आणि तो कोणाचा आहे हे नंतर विचारलं. तीस वर्षं शाळेत मुलांना हक्क आणि कर्तव्यं शिकवणाऱ्या माणसाने हे केलं. माझे विद्यार्थी हे वाचून हसले तर हसू देत.

ज्यांना विचारलं ते काका नोंदणी कार्यालयासमोर टिनाच्या शेडखाली लोखंडी खुर्चीवर बसत. जमीन कोणाकडून कोणाकडे आली, हे जुन्या दस्तांतून शोधून देणं हा त्यांचा धंदा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील आणि माझ्यासारखेच त्यांच्यासमोरून घाईने आत गेला असाल. दस्त हातात आला की काका खरेदीदाराच्या नावावर पंजा ठेवून ते झाकत. "तुमी तं समोरच बसून राहिले. विकणारा कोण? त्याले कोणं देल्लं? अन् त्याच्या आधी?" चहा मात्र ते स्वतःच्या स्टीलच्या पेल्यातच पीत.

मी ऐटीत दस्त पुढे केला. "रजिस्ट्री झाली, काका. फोटो, अंगठे, शिक्के, सगळं."

"मंग माझ्याकडे काहून आले?"

"असंच. खात्री म्हणून."

"पेपर देऊन झाल्यावर अभ्यासाले बसले काय, मास्तर?"

विकणाऱ्याने मला बापाचं खरेदीखत, बापाच्या मृत्यूचा दाखला आणि 'मी एकटाच वारस' असं प्रतिज्ञापत्र दिलं होतं. काकांनी ते शेवटचं दोन बोटांत धरलं. "हे कोण म्हणते? तोच म्हणते. वर्गात पोराले विचारत होते काय, तू पास हायेस नं, अन् देत होते मार्क?"

मग माझ्या स्कूटरवर मागे बसून ते नागपूरबाहेर, मिहानपलीकडे प्लॉटवर आले. जमिनीकडे बघितलंसुद्धा नाही. शेजारच्या भिंतीवरून हाक मारली, "बाई, इथं कोण येऊन जाते?"

"जुन्या मालकाची लेक येते नं, इतवारीतून. दर दसऱ्याले दगडांले रंग मारून जाते."

चारही कोपऱ्यांचे दगड पिवळेधमक होते. घेण्याआधी मीही ते पाहिले होते आणि बायकोला म्हटलं होतं, विकणारा किती टापटिपीचा आहे!

डोकं फिरलं माझं. बहीण लपवणाऱ्या त्या भावावर फिरलं, तसंच नोंदणी कार्यालयातल्या त्या खिडकीवर. माझा अंगठा तिने दोनदा घेतला, मान सरळ करायला लावून फोटो काढला. पण याला बहीण आहे का, एवढं विचारलं नाही. मुद्रांक शुल्क तेवढं पै-पै मोजून घेतलं. काका माझ्याहून तापले. "नोंद कागदाची होते मास्तर, मालकीची नाही! कितीक वर्षं बोंबलून राहिलो मी फाटकासमोर. कोण थांबते?"

हा व्यवहार जुळवून देणारा एजंट म्हणाला, बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेऊन टाकू. नळाचा अर्ज आहे म्हणून सांगू. आणि मी, नागरिकशास्त्राचा मास्तर, तो टाईप केलेला कागद घेऊन काकांकडे गेलो. मजकूर बरोबर आहे ना, एवढंच विचारायला! काकांनी वाचला, घडी केली, बुडाखाली ठेवला आणि त्यावर बसले.

"कागद द्या, काका. उठा."

"तुमी घरी गेल्याबिगर नाही उठत. तुमचा निवृत्तीचा पैसा गेला म्हणून तिच्या बापाचं बी घेऊन जाल काय?"

संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. मीच घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला इतवारीत नेलं. भांड्यांच्या एका दुकानाच्या पायरीवर ती बसली होती, छोट्या मशीनने भांड्यांवर नावं टाकत. गिऱ्हाईक वाटी पुढे करी, ती आधी विचारी, "वाटी कोणाची?" काकांनी तिला सगळं सांगितलं. मशीन थांबलं. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

"माझी सही तं नाही नं कुठं?"

"नाही बाई. तुमचा अर्धा हिस्सा जसाच्या तसा हाये. उद्याच वकील पाहा."

मी काकांच्या कानात फणफणलो, "अहो, तुम्ही माझ्याकडून आलात ना?"

"तिनं विचारलं, मी सांगितलं. तुमी विचारलं असतं तं तुमालेबी सांगितलं असतं. आधी."

तिने दावा लावला. आता ती आणि मी एकाच बाकावर तारखेची वाट बघतो. भाऊ नव्या गाडीतून येतो आणि मला नमस्कार करतो. त्या नमस्काराने माझ्या अंगाची आग होते. एजंट अजून फाटकावर उभा राहून लोकांना लवकर आत ढकलतो. त्यांना अडवणारं आता कोणी नाही. काका या उन्हाळ्यात गेले. खुर्चीही कोणीतरी उचलून नेली.

पेला तेवढा चहाच्या टपरीवर राहिला होता. पाहून मला भरून आलं. तो घेतला आणि तडक इतवारीत गेलो.

"ताई, काकांचं नाव टाका यावर. मी जपून ठेवीन."

तिने पदराने डोळे पुसले, पेला पुसला, मशीन सुरू केलं. सुई टेकवता टेकवता थांबली.

"पेला कोणाचा?"

"काकांचा."

"मंग तुमच्याकडे कसा? त्यायच्या घरच्यायले विचारलं काय?"

मी नव्हतं विचारलं. टपरीवाल्याने दिला, मी घेतला.

तिने मशीन बंद केलं आणि पेला माझ्याकडे सरकवला.

"तुमी काई सुधरत नाही, मास्तर."