सुपारीच्या ताटाशेजारचं चित्र

त्या रविवारी तेरला दादाच्या घरी माझ्या भाचीची सुपारी फुटायची होती. सुपारी फुटली की लग्नाचा शब्द दिला गेला. मग मागं फिरणं म्हणजे भावकीत तोंड काळं. मुलगा आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीचा, बिजवर. पहिली बायको बाळंतपणात गेली, एवढंच आम्हाला सांगितलं होतं. जमीन, दुकान, दोन मजली घर बघून दादा हुरळून गेलेला. पोरीच्या मनात अजिबात नव्हतं. मी तसं बोलले, तर म्हणाला, "तू मधी तोंड घालू नको." मी कॉलेजात चित्रकला शिकवते, म्हणजे मला जगातलं काही कळत नाही हे त्याचं पक्कं मत. डोक्यात तिडीक गेली, पण गप्प बसले.

रागारागानं बैठकीतच लॅपटॉप उघडून सोमवारच्या तासाची तयारी करत होते. पाचेकशे वर्षांपूर्वीचं इटलीतलं चित्र, गोष्ट ग्रीक पुराणातली. पळणाऱ्या पोरीला एका तरण्या देवानं कमरेला धरलंय, आणि तिचे दोन्ही हात खांद्यापासून झाडं झालेत, नुसता पाला. तेवढ्यात पाहुणे आले, वेळेच्या आधीच. लॅपटॉप उघडाच राहिला.

मुलाचा चुलता चष्मा सावरत पडद्यापाशी वाकला.

"आरं, तुमच्याकडं बी हाय का हे? रुईचं लगीन. आमी बी परवाच लावून आलो आमच्या पोराचं. झाड लई लहान व्हतं, पर भटजी म्हणला चालतंय."

रुईशी लग्न कधी लावतात ते आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. दोन बायका गेल्या की तिसरी लाभत नाही म्हणतात. म्हणून तिसरं लग्न रुईच्या झाडाशी लावायचं, आणि त्यानंतर बाई आणायची. म्हणजे हा बिजवर नव्हताच, तिजवर होता. त्याची आई पदराशी चाळा करायला लागली. तो स्वतः फरशीकडं बघत होता.

दादाची नजर समोरच्या ताटावर. ताटात सुपारी, शेजारी अडकित्ता. हा माणूस आता सगळं गिळून टाकतो की काय, असं मला वाटलं.

"रुई नाही ती, काका," मी म्हणाले. "त्या पोरीला तो नको होता. पळून पळून दमली, तेव्हा तिनं बापाला हाक मारली. बाप नदीचा देव होता. त्यानं लेकीचं झाड केलं, पण ह्याच्या हाती लागू दिली नाही."

चुलता हसला. "असला कसला बाप? वैरीच म्हणायचा."

दादानं अडकित्ता उचलला. मला बघवेना. त्यानं तो मिटला आणि मांडीखाली ठेवला.

"दुसरी कशानं गेली?" त्यानं थेट मुलालाच विचारलं.

मुलाची आई म्हणाली, "नशीब एकेकाचं."

"म्या त्याला इचारलंय."

मुलगा मान वर करेना. मग दादा म्हणाला, "सुपारी न्हाय फुटायची. या आता."

गाडी गेली तेव्हा मला इतकं सुटल्यासारखं झालं की रडूच आलं. आत भाची भरल्या कपांचा ट्रे धरून तशीच उभी होती. जवळ घ्यायला गेले, तर तिनं अंग चोरलं. बाहेर बापाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आत्या, एकच मेली असती, तर मला दिलं असतं ना?"

दादा बाहेरच्या ओट्यावरच होता. तो आत आला नाही.