पाचवं गाणं आजीचं

माझे बाबा सॅक्सोफोन दुरुस्त करायचे. कळांखालच्या चामडी गाद्या बदलायच्या, वाकलेल्या दांड्या सरळ करायच्या आणि शेवटी वाद्य वाजवून बघायचं. वाजवायचे एकच गाणं. आजी कपडे वाळत घालताना गुणगुणायची ते, 'देवा, पैलतीरी ने' म्हणणारं. तिसऱ्या ओळीत बाबा सगळ्यात खालच्या सुरावर बराच वेळ थांबायचे. आजी तिथं थांबत नसे. पण गादीतून हवा गळतेय का, हे त्याच सुरावर कळतं.

सॅक्सवाले काका वीस वर्षं आमच्या स्टुलावर बसून हे ऐकत आले. नात्याचे नव्हेत, पण बाबांचा त्यांच्यावर सख्ख्या भावासारखा जीव. भरल्या ताटावरून उठून बाबा त्यांच्या सॅक्सची कळ बसवून द्यायचे.

मग काकांचा अल्बम आला: ब्लूज, जुनी प्रार्थनागीतं आणि चार सगळ्यांच्या ओठांवरची गाणी. बाबांनी हातातलं काम ठेवून तो लावला. पाचवं गाणं सुरू झालं आणि मी ओरडलेच, "बाबा, आजीचं गाणं!" बाबाही खुलले. तिसऱ्या ओळीत काका खालच्या सुरावर थांबले. अगदी तितकेच. मी कव्हरवरचं मोठ्यानं वाचलं: 'हे गाणं मला माझ्या आईनं मांडीवर शिकवलं. त्या खालच्या सुरात तिचं दुःख आहे.'

बाबांनी कव्हर ओढून घेतलं, स्वतः वाचलं.

"डोंबलाचं दुःख! गळती बघतो मी तिथं."

मला हसूही येत होतं आणि काकांची कॉलर धरावीशीही वाटत होती. अहो, चोरायचं तर चोरा, निदान काय चोरताय ते तरी समजून घ्या!

महिन्याभरानं काका हसत आले. "दादा, खालचा सूर नीट लागत नाही बघ."

बाबांनी गादी बदलली, वाद्य पुसलं आणि सरळ पेटीत ठेवलं.

"वाजवून नाही बघणार?"

"तुमच्या आईचं गाणं आहे," बाबा म्हणाले. वीस वर्षं काकांना अरेतुरे करणारे बाबा. "तुम्हीच वाजवा."

काका पेटी उचलून गेले, ते पुन्हा आले नाहीत. त्यानंतर बाबा प्रत्येक वाद्य नुसत्या सुरांवर तपासायचे, खालून वर, वरून खाली. आजीचं गाणं ऐकायचं तर आता काकांचा अल्बमच आहे. मी तो ऐकते, हे बाबांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.