मागच्या टाकीतली वाळू

नगरमध्ये राहून समुद्रातले मासे पाळणारी बाई म्हणून कॉलनीत माझी थट्टा व्हायची. होऊ दे. नव्वदनंतरची ती वर्षं. कॉलनीत नुकताच केबल टीव्ही आला होता आणि लोक संध्याकाळी त्याच्यापुढे बसायचे. मी माझ्या टाक्यांपुढे बसायचे. कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे, आणि माझं माहेर कोकणातलं, अगदी किनाऱ्याला लागून.

टाक्या दोन होत्या. पुढची हॉलमध्ये, खाऱ्या पाण्याची, दोन केशरी मासे असलेली, पाहुण्यांनी बघून 'वा' म्हणावं अशी. पण तिचा जीव मागच्या टाकीत होता. स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलेल्या त्या लहान टाकीत वीतभर वाळू आणि थोडं शेवाळ, एवढंच. पुढचं पाणी नळीनं तिथं यायचं आणि पंपानं परत जायचं. वाळूत केसाएवढे किडे राहायचे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव राहायचे, आणि माशांची घाण तेच पचवायचे. तिची निगा राखायची म्हणजे शक्यतो तिला हात लावायचा नाही. वर साचलेला गाळ नळीनं हलकेच ओढून घ्यायचा, आटलेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणी घालायचं, आणि खालचा थर काळा पडला तरी ढवळायचा मोह आवरायचा.

ती वाळू आमच्या घरामागच्या किनाऱ्यावरची होती. मी आणि वडिलांनी मिळून भरली होती. पुढं वडील गेले, भावानं घर विकलं, आणि मला न्यायला येईल असं कोणी उरलं नाही. माझं माहेर उरलं ते त्या वीतभर थरात, असं मला खरंच वाटायचं.

माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्या अकोले तालुक्यातल्या त्यांच्या गावाहून दर वर्षी घटस्थापनेआधी यायच्या, दसरा काढायला. घरातली चिंधीन् चिंधी धुतल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्या वर्षी मी कॉलेजातून आले तर गच्चीवर गोधड्या, चादरी, आणि एका जुन्या साडीवर पसरलेली माझी वाळू. मिठासारखी पांढरी.

"लई वास मारीत हुती," त्या खुशीत म्हणाल्या. "खाली काळी ठिक्कर झालती. नितळ पानी येस्तवर धुतली बघ."

मी भांडले. चांगली कडाकडा भांडले, आणि आजही मला त्याचं वाईट वाटत नाही. नवरा अशा वेळी हमखास दळण आणायला जातो, तसा गेला. घट बसले आणि लगेचच पुढच्या टाकीतला एक मासा मेला. दुसरा वर येऊन तोंड वासायला लागला. साठवणीतलं खारं पाणी थोडं थोडं बदलत मी त्याला कसाबसा धरून ठेवला.

आत्याबाई घटापुढच्या दिव्यात तेल घालायला उठायच्या आणि येता-जाता टाकीत डोकावायच्या. शेवटी त्यांनी विचारलंच, "त्या वाळूत हुतं तरी काय?"

"विरजण होतं," मी तुटकपणे म्हटलं. "भांडं घासून पुसून ठेवलंत. आता दही कशानं लावू?"

विरजण म्हटल्यावर त्यांना सगळं कळलं. "आगं बया! मंग कुनाकडनं तरी मागून आनू."

"कोणाकडून? ते माझ्या गावच्या किनाऱ्यावर आहे. आणि तिथं आता माझं कोणी नाही." हे मी पहिल्यांदाच तोंडानं बोलले, आणि मला रडू आलं.

त्या म्हणाल्या, "दसरा झाला की निगू. न्यायाला मुराळी लागतोय न्हवं? मी हाय."

मुराळी म्हणजे लेकीला माहेरी न्यायला येणारं माणूस. भाऊ, नाहीतर बाप. सासू मुराळी झालेली मी तरी ऐकली नव्हती.

एसटीनं गेलो. आत्याबाई जन्मात पहिल्यांदा समुद्र बघत होत्या, पण नवल करण्यात त्यांनी वेळ घालवला नाही. ओहोटी होती. लुगडं वर खोचून त्या ओल्या वाळूत वाकल्या आणि खालची काळी मूठ काढून नाकाशी नेली. "ह्योच वास," म्हणाल्या. तळव्यावर एक किडा वळवळला, तरी हात झटकला नाही. अलगद डब्यात सोडला. ती वाळू रुजली आणि मासाही वाचला, हे आत्ताच सांगून टाकते, उगाच ताणत नाही.

आमच्या जुन्या घरासमोरून मला जायचं नव्हतं. पण शेजारच्या काकूंनी लांबूनच ओळखलं आणि चहाला ओढून नेलं. कपबशा ठेवता ठेवता त्यांनी आत्याबाईंकडे बघून विचारलं, "ह्या कोण गो तुझ्या?"

सासूबाई म्हणून सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात बशीतला चहा फुंकत आत्याबाईच बोलल्या.

"मी हिच्या म्हायेरची."