दुसऱ्यांदा सॅम्पल

माझा भाई गेल्याची खबर आली तो दिवस साधाच होता. सणसरच्या डेअरीत सकाळचं दूध उतरून झालं होतं. ऑफिसात मी टाइप करत होतो, चहा आला होता. तेवढ्यात कन्हेरीच्या घरून भाबीचा फोन. "तुमचे भाई उठत न्हाईत." चहा तसाच राहिला.

मयतीला डेअरीची माणसं आली. मग किस्से निघाले, आणि सगळे एकाच मशीनचे! नको म्हटलं तरी असलं साठत जातं.

*

गोडाऊनमधून तुपाचे डबे गेले, म्हणून डेअरीच्या साहेबांनी पुण्याहून खोटं पकडणारं मशीन मागवलं. छातीला पट्टा, दंडाला पट्टा, बोटांना वायरी. आधी संमतीपत्रावर सही.

"न्हाय म्हटलं तर?" कुणीतरी विचारलं.

"तुमची मर्जी," मशीनवाला म्हणाला. "फक्त नाही म्हणणाऱ्यांची यादी साहेबांनी मागितलीय."

सगळ्यांनी राजीखुशीनं सह्या केल्या!

*

पहिले बसले ड्रायव्हर शंकरतात्या. "आयुष्यात कधी खोटं बोललात?"

"व्हय! आत्ताच घरी सांगून आलोय, दवाखान्यात चाललोय म्हनून."

मशीनवाला वैतागला. "तात्या, या प्रश्नाला 'नाही' म्हणायचं असतं. त्यावरून मशीनला तुमचं खोटं कळतं."

"म्हंजी खोटं बोला म्हनून तुमीच सांगताय की!"

*

डेअरीतल्याच नामदेवनं रजेच्या अर्जांत स्वतःची आजी चार वेळा मारली होती. आजी अजून भाकऱ्या थापते. तो वीस मिनिटांत बाहेर आला. रिपोर्ट : खरा माणूस.

"काय केलंस रं?" तात्यांनी विचारलं.

"काय न्हाय. गार एसी हुता, डोळा लागला."

*

युसूफभाई माझा थोरला भाऊ. बावीस वर्षं डेअरीत दूध तपासायचा. गोडाऊनची किल्लीही त्याच्याकडेच. पट्टा आवळला तसं त्याचं काळीज धडधडायला लागलं. स्वतःचं नाव सांगतानाही कागदावरची रेघ उडत होती म्हणे. रिपोर्ट : खोटं बोलतोय. उद्यापासून येऊ नका.

भाई साहेबांसमोर उभा राहिला. "साहेब, फॅट कमी लागली तर आमी कॅन ढवळतो, अन् शेतकऱ्यासमोर दुसऱ्यांदा सॅम्पल लावतो. मलाबी एकदा लावा."

साहेब म्हणाले, "अर्ज करा."

*

डबे सापडले. इंदापूरच्या सेंटरवर, चुकीच्या गाडीतून उतरवलेले, ताडपत्रीखाली. तात्या सांगायला घरी आले, तेव्हा भाईच्या मयतीचा चाळिसावा दिवस होता.

डेअरीतून मशीनवाल्यालाही फोन केला होता म्हणे. तो म्हणाला, "डबे सापडले, चांगलं झालं. पण रिपोर्ट बदलता येत नाही."

*

आता त्या अर्जाचं. डेअरीतले सगळे अर्ज मीच टाइप करतो. नामदेवच्या रजेचेसुद्धा.

भाई रोज संध्याकाळी ओट्यावर माझी वाट बघायचा. "सलीम, लिहिलास का?"

"ऑडिट चाललंय, भाई."

दुसऱ्या आठवड्यात तो हसला. घरी बसल्यापासून तेवढाच एकदा. म्हणाला, "नामदेवच्या आजीला कागदावर चार डाव मारलंस. माजं दोन वळींचं काम हाय रं."

मी म्हटलं, "रविवारी नक्की."

रविवारी आम्ही दोघं घरीच होतो. तो दोनदा येऊन माझ्याजवळ बसला, पण अर्जाचं विचारलं नाही. मंगळवारी भाबीचा फोन आला.

अर्ज मी लिहिला नाही.