गरममामांचा तलाव

एका मोठ्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला काचेच्या छताखाली एक छोटा तलाव होता. गुडघे, कंबर, खांदे धरलेली माणसं तिथं कोमट पाण्यात व्यायाम करायला येत. पाणी कोमट ठेवायचं काम ज्यांच्याकडे होतं, त्यांना सगळे गरममामा म्हणत.

बॉयलर तळघरात, तलाव वर. मामा खाली जाऊन व्हॉल्व्ह फिरवत, धापा टाकत वर येत, पाण्यात कोपर बुडवून बघत आणि परत खाली पळत. पण गरम पाणी लांबलचक पाइपातून येऊन तलावभर पसरायला बराच वेळ लागे, आणि तेवढा धीर मामांच्या अंगात नव्हता. पाणी अजून गारच लागलं की ते व्हॉल्व्ह आणखी उघडत. मग आधीची आणि नंतरची ऊब एकदमच येऊन थडके. पाणी कढत झालं, की लगेच धावत जाऊन व्हॉल्व्ह बंद! दुपारपर्यंत तलाव थंडगार.

सकाळच्या गटाच्या म्होरक्या एक आजी होत्या, शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेल्या. त्या पायरीवरूनच आवाज देत, "मामा, काल यात चहा झाला असता. आज सरबत करायचंय का?"

"साखर तेवढी घेऊन या, आजी!" मामा हसून म्हणत. मनातून मात्र खट्टू होत. कष्टात कसर नव्हती, तरी पाणी काही ताळ्यावर येत नव्हतं.

त्यांची लेक इंजिनिअरिंगला होती. त्या वर्षी तिला कंट्रोल सिस्टिम हा विषय नव्यानं लागला होता. एका सुट्टीच्या दिवशी ती बापाचा डबा घेऊन आली आणि त्यांच्या जिन्यावरच्या खेपा बघत बसली.

"बाबा, तू करतोयस ना, त्याला आमच्याकडे फीडबॅक म्हणतात."

"आमच्याकडे त्याला तंगडतोड म्हणतात."

तिनं ओल्या बोटानं फरशीवर एक गोल काढला. "पाणी किती गरम हवं ते ठरवायचं. आत्ता किती आहे ते मोजायचं. दोन्हींतला फरक बघून व्हॉल्व्ह फिरवायचा, आणि पुन्हा मोजायचं. हा फेरा चालूच ठेवायचा."

"मग मी वेगळं काय करतो?"

"तू गरजेपेक्षा जास्त फिरवतोस. आणि केल्याचा परिणाम दिसायच्या आत पुन्हा फिरवतोस."

मामांनी मान खाजवली. "म्हणजे तुझ्या आईला मी एक कारण सांगतो, आणि ती काही बोलायच्या आत दुसरं, तसं?"

"अगदी तसं! पहिलं मुरू तर दे."

दोघं पोट धरून हसली. पण लेकीच्या डोक्यात चक्रं सुरू झाली. दवाखान्याची परवानगी मिळाली, तिच्या सरांनी सगळं तपासून दिलं, आणि तिनं पाण्यात तापमान मोजणारा सेन्सर सोडला, व्हॉल्व्हला मोटर जोडली. मधे एक छोटी पेटी. सेन्सरनं सांगायचं, पेटीनं ठरवायचं, मोटरनं फिरवायचं.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. पेटी फारच तापट निघाली. जरा गारवा जाणवला की व्हॉल्व्ह सताड उघडून टाकी, जरा ऊब वाढली की गच्च बंद करी. पाणी पुन्हा वरखाली.

"शोभतेस हो बापाची लेक!" आजी म्हणाल्या.

लेक लाजली, पण हटली नाही. तिनं पेटीचा जोर कमी केला. आता पाणी स्थिर झालं, पण हवं त्यापेक्षा किंचित गारच राहू लागलं.

"हिला कशाची खंतच नाही," मामा पेटीकडे बघत म्हणाले. "थोडं कमी पडतंय, तरी गप्प."

"बरोबर बोललास. फरक थोडा, म्हणून ही व्हॉल्व्हही थोडाच उघडते, आणि तेवढी ऊब काचेतून निघून जाते. आता हिला कुरकुर साठवायला शिकवते. ऊब जितका वेळ कमी पडेल, तितका व्हॉल्व्ह हळूहळू उघडत न्यायचा."

मग पाणी नेमकं हवं तेवढं कोमट राहू लागलं. त्यानंतरच्या एका गार सकाळी कुणीतरी दार उघडंच टाकलं. भणाण वारा आत आला. सवयीनं मामा जिन्याकडे धावले. लेकीनं त्यांची बाही धरली.

"थांब ना, बाबा."

पाणी जरासं गारठलं. खाली मोटर गुणगुणली. थोड्या वेळानं पाणी आपसूक पूर्वीसारखं झालं. गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या असलेल्या आजींनी हात फिरवून चहूकडचं पाणी चाचपून बघितलं. मग म्हणाल्या, "मेलीनं बोलायला जागाच ठेवली नाही!" आणि पाण्यातूनच साऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मामा आता दिवसातून एकदोनदा बॉयलर बघून येत आणि एरवी काठावर घुटमळत.

"मग उतरा की पाण्यात," आजी म्हणाल्या.

मामा गोरेमोरे झाले. इतक्या वर्षांत त्यांनी तलावात फक्त कोपर बुडवलं होतं. पोहायला येत नव्हतं.

आजींनी त्यांना कठडा धरायला लावला. मामांनी पाय असे झोडले, की काठावरची लेक चिंब भिजली आणि खिदळत मागं पळाली. रोज काम संपलं की शिकवणी. नाकातोंडात पाणी गेलं, दोन वेळा आजींच्याच गळ्यात पडून झालं, पण मामांनी चिकाटी सोडली नाही.

आणि एके दिवशी ते कुणाचाही हात न धरता पलीकडच्या भिंतीला जाऊन टेकले. इकडच्या काठावर बायको टॉवेल घेऊन उभी होती.

"या ना आता परत!"

"येतो, येतो," मामा पाणी उडवत ओरडले, "आधी सगळ्यांना बघू तर दे!"