मिस्त्रींचा उजवा कान

मिस्त्रींच्या उजव्या कानावर कायम पेन्सिल असायची. लाल, चपटी, सुतारी पेन्सिल. झोपताना ती उशीशेजारी जायची आणि उठल्यावर चष्म्याच्याही आधी कानावर चढायची. आळीतली माणसं तोंडावर त्यांना मिस्त्री म्हणत आणि पाठीमागे कानपेन्सिल. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे.

दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक लांबट खोली. पुढे कामाचं बाकडं, भिंतीला टेकवलेल्या फळ्या आणि अगदी मागे, खिडकीच्या उजेडात, बायकोची जागा. कापणं-जोडणं मिस्त्रींचं, पॉलिश बायकोचं. अशी वाटणी लग्नानंतर थोड्याच दिवसांत झाली होती आणि त्यावरून भांडण असं कधी झालं नाही. बाकी सगळ्यावरून झालं.

मिस्त्रींना एक खोड होती. अर्धवट काम ते कुणाच्या दृष्टीस पडू देत नसत. गिऱ्हाईक दारात दिसलं की कपाटावर जुनी चादर पडलीच.

"जरा बघू तरी द्या, मिस्त्री."

"झाल्यावर बघा."

आणि दाखवायची वेळ आली की झिरो नंबरच्या पॉलिश पेपरनं पुन्हा एकदा सगळं घासायचं, फडक्यानं पुसायचं, कडांवरून बोट फिरवायचं आणि मगच चादर काढायची. बायको म्हणायची, "कपाट दाखवताय का पाळण्यातलं बाळ?"

त्या उजव्या कानाच्या वरच्या कडेला, जिथे पेन्सिल टेकायची तिथेच, एक खरखरीत ठिपका उठला. मग त्यावर खपली आली. ती निघायची, थोडं रक्त यायचं, पुन्हा धरायची. मिस्त्रींनी तिकडे लक्ष दिलं नाही. लाकडात हात घालणाऱ्याला कुठे ना कुठे खरचटलेलं असतंच. पण खपलीखाली हळूहळू हरभऱ्याएवढी गाठ झाली आणि एका सकाळी पेन्सिल चढवताना त्यांच्या तोंडून "आई गं" निघालं. बायकोनं पॉलिशचा बोळा खाली ठेवला. "चला," ती म्हणाली, "आजच्या आज."

दवाखान्यात गाठीचा लहानसा तुकडा काढून तपासला. डॉक्टर तसे तरुणच, पण समोर बसून सावकाश बोलणारे.

"हा कातडीचा कर्करोग आहे. स्क्वॅमस सेल म्हणतात. कातडीच्या वरच्या थरातल्या चपट्या पेशींपासून सुरू होतो. मानेतल्या गाठींपर्यंत गेलेला दिसत नाही, ही चांगली गोष्ट आहे."

बायकोनं तेवढ्यात विचारून घेतलं. "पेन्सिलीमुळे झालं ना? मी सांगत होते यांना."

"पेन्सिलीचा काही दोष नाही. उन्हाचा आहे. उन्हात काम केलंय का खूप?"

केलं होतं. उमेदीची सगळी वर्षं मिस्त्रींनी उघड्यावर छपरं बसवण्यात काढली होती. डोक्यावर टोपी असायची, पुढे झाप असलेली. तिनं कपाळ राखलं. कान बिचारे बाहेरच राहिले.

उपाय म्हणजे शस्त्रक्रिया. गाठ आणि भोवतीचा भाग काढायचा. कानाचा वरचा जवळजवळ निम्मा भाग जाणार होता.

मिस्त्रींनी चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाले, "आणि चष्मा?"

डॉक्टर हसले नाहीत. हे मिस्त्रींना पुढे कायम लक्षात राहिलं. चष्म्याशिवाय त्यांना लाकडावरची रेघ दिसत नसे, आणि चष्मा कानांवर उभा असतो. निम्मा कान गेला की चष्मा जाणार, रेघ जाणार, बाकडं जाणार. जीव जाईल अशी भीती त्यांना तोवर वाटलीच नव्हती. भीती वाटली ती बाकड्याच्या आठवणीनं.

"एक गोष्ट आहे," डॉक्टर म्हणाले, "पण मी वचन देत नाही. आमच्याकडे एका नव्या औषधाचा अभ्यास चाललाय. आपल्या अंगात राखणदार पेशी असतात. हा रोग त्यांना भासवतो की मी घरचाच आहे, आणि त्या गप्प बसतात. हे औषध त्याचं सोंग उघडं पाडतं. मग राखणदार स्वतःच कामाला लागतात. अशा जातीची काही औषधं शिरेतून देतात, ती याआधीच वापरात आली आहेत. हे थेट गाठीत टोचायचं. दुसरीकडे कुणी औषधाऐवजी सौम्य केलेला विषाणू गाठीत सोडून बघतंय. कुठलं किती चालेल ते अजून कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. काही आठवडे टोचायचं आणि मग शस्त्रक्रिया. गाठ आक्रसली तर कमी कापावं लागेल. मधेच वाढली तर औषध बंद आणि लगेच शस्त्रक्रिया. तुम्ही केव्हाही नको म्हणू शकता."

मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं. "माझ्याकडे काय बघताय? कान तुमचा आहे," ती म्हणाली. मग तीच डॉक्टरांना म्हणाली, "टोचा."

अभ्यासाचं सगळं बघणाऱ्या सिस्टर मध्यम वयाच्या होत्या, चटचट चालणाऱ्या आणि गोड बोलण्यात वेळ न घालवणाऱ्या. दर आठवड्याला त्या आधी कानाचा फोटो काढायच्या, मग खपली-सूज सगळं धरून गाठ मोजायच्या आणि मग डॉक्टर सुई टोचायचे. औषधाला नाव नव्हतं. बाटलीवर नुसती दोन-तीन अक्षरं आणि एक आकडा.

"याचं नाव अजून ठेवलं नाही का?" मिस्त्रींनी विचारलं.

"आधी लागू तर पडू द्या, काका. मग ठेवतील."

पहिल्या सुईनंतर अंगात कणकण आली आणि कान लाल होऊन सुजला. सिस्टर म्हणाल्या, असं होऊ शकतं, राखणदार जागे झाले की आधी धुमश्चक्री होते. पुढच्या आठवड्यात सूज तशीच. त्याच्या पुढच्या आठवड्यात सिस्टरनी दोनदा मोजलं. "जरा मोठी वाटतेय. पुढच्या वेळी अशीच वाढती दिसली तर डॉक्टरांना औषध थांबवावं लागेल," त्या म्हणाल्या. बोलल्या साध्याच आवाजात, पण त्यांचा चेहरा उतरला होता. मिस्त्रींनी तो चेहरा ओळखला. काम पसंत न पडलेल्या गिऱ्हाइकाचा चेहरा होता तो.

आणि मग मिस्त्रींच्या हातून जे झालं ते सुताराच्याच हातून होऊ शकतं.

पुढच्या खेपेला दवाखान्यात निघण्याआधी ते बाकड्यापाशी आले. बायको घरात कपडे बदलत होती. खिशातला लहान आरसा त्यांनी फळीला टेकवून ठेवला, वापरून वापरून मऊ झालेला झिरो नंबरचा कागद घेतला आणि कानावरची खपली हलक्या हातानं घासली. जोर दिला नाही. वरचा कोरडा थर भुशासारखा उडाला. थोडं झोंबलं. फडक्यानं पुसलं, कडेवरून बोट फिरवलं. बरं दिसत होतं. फसवावं असं त्यांच्या मनात नव्हतं. काम दाखवायला न्यायचं तर ते साफ करून न्यायचं, इतकंच हाताला माहीत होतं. आणि सूज वाढली नसून खपलीच जाड झाली आहे अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

सिस्टरनी मोजलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "उतरतेय, काका!" डॉक्टरही येऊन बघून गेले. मिस्त्री त्या दिवशी परत येताना बायकोला म्हणाले, "चहा घेऊया बाहेर." बायकोनं त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू औषध डोक्यात गेलं असावं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी पुन्हा घासलं.

या वेळी सिस्टरनी फोटो मोठा करून पडद्यावर पाहिला आणि पाहतच राहिल्या. "काका, हे ओरखडे कसले? सगळे बारीक, आणि सगळे एकाच दिशेनं."

लाकूड त्याच्या अंगच्या रेषांना आडवं घासायचं नसतं. मिस्त्रींनी कानही सरळ घासला होता.

"रात्री उशीवर घासतो का कान?" सिस्टरनीच विचारलं.

"हो," मिस्त्री म्हणाले. "उशीच असेल."

ते घरी आले. दुपारी बाकड्यापाशी बसून त्यांनी खिडक्यांच्या झडपांचं काम पुढे ओढलं. सगळ्या झडपा एकसारख्या हव्या होत्या, म्हणून त्यांनी प्लायवूडचा एक फर्मा कापला होता. तो फळीवर ठेवायचा, पेन्सिलीनं भोवती रेघ मारायची, की कापायला फळी तयार. पेन्सिल हातातच राहिली.

मागून बायकोचा आवाज आला. "अहो, दुकानात लाल लाकूड कधी आणलंत?"

"नाही आणलं."

"मग या कागदावर तांबडा भुसा कसला?"

ती कागद घेऊन पुढे आली होती. तिनं कागदाकडे पाहिलं, मग त्यांच्या कानाकडे, आणि फळ्यांवर बसली.

"डोकं फिरलंय तुमचं? कान आहे का तो स्टुलाचा पाय?"

"वरवरच घासलं गं. मोठी दिसली असती तर थांबवलं असतं त्यांनी. मग निम्मा कान..."

"आणि आत वाढत असली तर? ते काय घासून जाणार आहे?"

मिस्त्रींनी फर्मा उचलून तिच्यासमोर धरला. त्याच्या कडेवरून बोट फिरवलं. "याची कड मी थोडी जास्त घासली असती," ते म्हणाले, "तर यावरून कापलेली एकही झडप बसली नसती. माझ्या कानावरून ते मापं घेतायत. पुढे कुणाला किती टोचायचं, टोचायचं की नाही, ते अशा मापांवरून ठरणार. मी फर्माच घासून ठेवला."

बायको उठली. तिनं कागद चुरगळून चुलीत टाकायला नेला, मग थांबली आणि घडी करून त्यांच्या हातात दिला. "हा न्या बरोबर. नाहीतर तिथे जाऊन पुन्हा उशी म्हणाल."

दुसऱ्या दिवशी बोलावणं नसताना मिस्त्री दवाखान्यात गेले. खरं सांगितलं तर अभ्यासातून नाव कटणार आणि कान जाणार, अशी त्यांची खात्रीच होती. दारापाशी ते दोनदा मागे फिरले. बायकोनं दोन्ही वेळा बाही धरली.

सिस्टरनी कागद पाहिला आणि चष्मा काढून डोळे चोळले. "काका, मी उशी म्हटलं तेव्हा तुम्ही नाही म्हणायला हवं होतं."

"हो."

"मी गेल्या आठवड्यात किती खूश झाले होते, माहितीय?"

"त्यासाठीच घासलं, सिस्टर," मिस्त्री म्हणाले. एवढं बोलून त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

डॉक्टर रागावले. आवाज चढवला नाही, पण रागावले. उघड्या जखमेला जंतू लागले असते तर काय झालं असतं ते त्यांनी नीट ऐकवलं. घासल्यानंतरची दोन्ही मापं धरायची नाहीत, असं का ते कारणासकट लिहून ठेवायचं, असं त्यांनी सिस्टरना सांगितलं. मग दिवा जवळ ओढून दोन बोटांनी त्यांनी गाठ खालपर्यंत चाचपली, मान चाचपली आणि मशीन लावून आत किती खोल आहे तेही पाहिलं.

"आत वाढलेली दिसत नाही. कमी झाली का, ते आज मला सांगता येणार नाही, कारण वरचा भाग तुम्ही साफ करून ठेवलाय. अभ्यासाच्या वरिष्ठांना हे सगळं कळवावं लागेल. ते हो म्हणाले तर पुढे चालू. आणि चालू राहिलं तर कानाला हात लावायचा नाही. कितीही घाण दिसू दे."

वरिष्ठांचं उत्तर यायला काही दिवस गेले. हो आलं. बायकोनं दुकानातले सगळे पॉलिश पेपर डब्यात भरले आणि डबा आपल्या खिडकीपाशी ठेवला. मिस्त्रींना हवा असला की तुकडा मागून घ्यावा लागे आणि "कशाला?" याचं उत्तर द्यावं लागे.

ते दिवस मिस्त्रींना फार जड गेले. खपली काळी, जाड, भेगाळलेली झाली. रस्त्यानं जाताना त्यांना वाटे सगळे तिकडेच बघतायत. अर्धवट, ओबडधोबड काम अंगावर घेऊन चारचौघांत फिरायचं, त्यावर चादर नाही. पण हात लावला नाही.

शेवटच्या खेपेला सिस्टरनी फोटो काढला, मोजलं आणि चेहरा अगदी कोरा ठेवला. मग माप झाल्यावर ओल्या कापसानं कान टिपू लागल्या, तशी ती जाड खपली आपोआप सुटून कापसात आली. खाली गुलाबी कातडी आणि मसुराएवढा उंचवटा.

"सिस्टर, चेहऱ्यावरून कळत नाहीये काही," मिस्त्री म्हणाले.

"कळू देणारच नाहीये. तुमच्यासारख्यांपासून सावध राहायला शिकलेय मी." मग त्यांना राहवलं नाही. "उतरलीय, काका. आधीच्या खऱ्या मापाहून उतरलीय."

शस्त्रक्रियेत कानाच्या कडेचा एक त्रिकोणी तुकडा गेला. टाके भरून आल्यावर उजवा कान डाव्याहून थोडा आखूड झाला आणि वर एक खाच राहिली. काढलेल्या तुकड्यात रोगाच्या थोड्या पेशी सापडल्या. कडा मात्र साफ होत्या. डॉक्टर म्हणाले, कुणाची गाठ पार विरघळते, कुणाला या औषधाचा काडीचाही उपयोग होत नाही, का ते अजून शोधतोय. तुम्ही तपासणीला येत राहा, आणि टोपी कान झाकणारी घ्या.

चष्मा राहिला. पेन्सिल मात्र त्या कानावर ठरेना. ठेवली की खाचेतून घसरून खांद्यावर, तिथून भुशात. मिस्त्री ती डाव्या कानावर ठेवू लागले, पण रेघ मारायची वेळ आली की हात सवयीनं उजवीकडेच जातो, आणि मागून बायको म्हणते, "तिकडे दुकान बंद आहे."

मध्यंतरी सिस्टर दुकानात आल्या. त्यांनी घरासाठी पुस्तकांचं एक कपाट सांगितलं होतं, ते कुठवर आलंय ते बघायला. मिस्त्रींचा हात चादरीकडे गेला, झाकायला. मग त्यांनी चादर पूर्णच ओढून बाजूला टाकली. कपाटाच्या कडा अजून खडबडीत होत्या, एका फळीवर रंध्याच्या खुणा तशाच होत्या.

सिस्टरनी कडेवरून बोट फिरवलं. "खरखरीत आहे हो, काका."

"असू दे," मिस्त्री म्हणाले आणि टेपचं एक टोक त्यांच्या हातात दिलं. "आधी मोजून घ्या. घासायचं नंतर."